पाय बसवायला गेलो आणि काउन्सेलिंगसाठी परत परत जातोय – ४ स्टार

एक स्टार कापलाय तो रॅम्प आणि बिलिंगसाठी, त्याबद्दल शेवटी लिहितो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या रिहॅब सेंटरबद्दल जो तो कृत्रिम पायाबद्दलच बोलतो, सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कप) छान बसवतात, स्टाफ चांगला, वेटिंग फार, वगैरे. तिथे आतल्या खोलीत काउन्सेलर मॅडम बसतात त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, बहुतेक लाजत असतील. म्हणून मी लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी थोडक्यात माझं. वय ५२, सातपूरला ग्रिल-शटर फॅब्रिकेशनचं छोटं शेड, शुगर जुनी. शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्या की चटका, टोचणं काही कळत नाही, शेडमध्ये ठिणगी बुटात गेली आणि रात्री मोजा काढताना मिसेसला जखम दिसली. पुढचं ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांना सांगायला नको, ड्रेसिंग, अँटिबायोटिक, गँगरीन, आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. घरी आल्यावर मी हळूहळू बंद पडत गेलो. पेपर वाचणं सुटलं, शेडवरच्या पोराचा फोन घ्यायचा कंटाळा, समोर मॅच चालू असली तरी डोकं कुठेच नाही. व्होल्टेज कमी आलं की वेल्डिंग मशीन नुसतं घुं घुं करतं आणि आर्क काही धरत नाही, तसं. आणि ज्याला सांगावं तो म्हणणार, "साहजिक आहे हो, एवढा पाय गेला." मेव्हणा म्हणाला साहजिक आहे, डॉक्टर म्हणाले साहजिक आहे, ड्रेसिंगला येणारा ब्रदरसुद्धा तेच. आई म्हणायची, "पाय गेला पण जीव राहिला ना रे बाळा." सगळे मायेनेच बोलत होते, कोणाचं काही चुकलं असं नाही. पण साहजिक म्हटलं की विषय तिथेच मिटतो, पुढे कोणी काही करत नाही. ताप आल्यावर पावसात भिजलेलात, साहजिक आहे, असं म्हणून कोणी घरी पाठवतं का? गोळी देतातच ना.

मधे एका शिबिरात फुकट पाय मिळाला. सकाळी माप, संध्याकाळी पाय, दहा पावलं चालवलं, फोटो काढला, हार-तुरे, घरी. पाय वाईट नव्हता, माझा धंदाच लोखंडाचा आहे, काम कळतं मला. पण तो घालून बाहेर का पडायचं हे कोणी सांगितलं नाही आणि मला पडायचंही नव्हतं, मग तो कपाटावर गेला. नंतर सेंटरमध्ये ओळखी झाल्या तेव्हा कळलं की असे कपाटावरचे पाय बऱ्याच घरांत आहेत.

तर मुलाने हे सेंटर शोधलं आणि जवळजवळ उचलूनच नेलं. आधी पायाचं सांगतो, कारण तुम्ही त्यासाठीच वाचत असाल. पाय बसवणारे सर एकदम पक्के कारागीर. आधी प्लास्टरचं माप, मग पारदर्शक चेक सॉकेट घालून कुठे दाबतंय ते बाहेरून बघतात, कातडी पांढरी पडली की तिथे मार्क करून घासतात, आणि समाधान होईपर्यंत फायनल करत नाहीत. शिवाय खरं सांगतात. पहिल्या वर्षात उरलेला पाय सुकत जातो, स्टंप म्हणतात त्याला, त्यामुळे पहिलं सॉकेट ढिलं होणारच, तोपर्यंत वर मोजे चढवत राहायचं आणि मग दुसरं सॉकेट, हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. एका ठिकाणी मला ६५ हजारांचं कोटेशन देताना "आयुष्यभराचं काम" म्हणाले होते, त्याच्या तुलनेत हे बरं.

पायाचा ओळंबा साधताना मी बघत बसायचो. बुटाची टाच किती उंच त्यावर सगळी अलाइनमेंट असते, हे मला माहीतच नव्हतं. बूट काढून अनवाणी चाललं की टाच खाली जाते आणि माणूस मागे ढकलल्यासारखा होतो. आता आपल्याकडे घरात अनवाणी, देवळात अनवाणी, म्हणजे दिवसातला अर्धा वेळ ओळंबा बिघडलेला. सरांनी अनवाणी चालायचं असेल तेव्हा मोज्यात टाचेखाली घालायची एक पट्टी कापून दिली, फुकट. आणि म्हणाले की मांडी घालायची, उकिडवं बसायचं, चिखलात जायचं असेल तर जयपूर फूट त्यासाठीच बनलाय, तोही विचारात घ्या. हा जयपूर फूट १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेठी आणि रामचंद्र शर्मा या दोघांनी केला. शर्मा डॉक्टर नव्हते, कारागीर होते, हे ऐकून आमच्यासारख्याची कॉलर जरा ताठ होते बरं का.

आता मेन मुद्दा. पायाचं माप घ्यायच्या आधीच इथे एक फॉर्म देतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा झालं, शून्य ते तीन मार्क, एकूण २७. मन लागत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं वगैरे. पीएचक्यू-९ म्हणतात. मी कंटाळत टिकमार्क केले. मला वाटलेलं फाइलला लावून ठेवतील. पण तो फॉर्म घेऊन मॅडमनी आत बोलावलं आणि एकेका प्रश्नावर बोलायला बसल्या.

त्यांची पद्धत मला आवडली ती इथे. म्हणाल्या, थकवा, झोप, भूक हे तीन मी जरा बाजूला ठेवते, कारण एवढं ऑपरेशन आणि शुगर असलेल्या माणसाला ते तसेही असतात, त्यावरून डिप्रेशन आहे म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. मग विचारलं, नातू खेळायला आला तर बरं वाटतं का? आवडीचं खाल्लं तर चव लागते का? कोणी जुना मित्र आला तर तेवढ्यापुरतं तरी हसायला येतं का? मी म्हटलं नाही, काहीच नाही, मिसळ समोर ठेवली तरी रस्सा पाण्यासारखा लागतो. नाशिकच्या माणसाला मिसळ बेचव लागते म्हणजे बघा. त्या म्हणाल्या, दुःख असतं तेव्हा माणूस रडतो, चिडतो, मधेच हसतोही, लाटेसारखं येतं-जातं. तुमचं सलग सपाट झालंय. हे पाय गेल्याचं दुःख एकटं नाही, याला डिप्रेशन म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

मी म्हटलं, पण मॅडम एवढं झाल्यावर साहजिकच ना. त्यावर म्हणाल्या, पाय गेलेल्या सगळ्यांना डिप्रेशन होत नाही, बरेच लोक काही महिन्यांत आपापली घडी बसवतात. ज्यांना होतं त्यांना कारण आहे म्हणून तसंच सोडायचं का? शुगर असलेल्यांना तर ते इतरांपेक्षा साधारण दुप्पट प्रमाणात होतं आणि मन खचलं की पथ्य, गोळ्या, व्यायाम सगळंच सुटतं, मग शुगर वाढते, मग दुसऱ्या पायाला धोका. हे दुसऱ्या पायाचं ऐकल्यावर मात्र मी सरळ बसलो.

नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. तो घरात कोणी विचारला नव्हता, विचारला तर डोक्यात येईल या भीतीने. मॅडमनी सरळ विचारला, आवाज न बदलता. मीही सरळ सांगितलं की मधेमधे वाटतं आपण नसतो तर बरं. मग काही ठरवलंय का, घरात इन्सुलिन कोणाच्या ताब्यात असतं, हेही विचारलं आणि त्याच दिवशी माझ्यासमोरच मिसेसशी बोलल्या. विचारल्याने काही वाढलं नाही, उलट छातीवरचं ओझं उतरलं. कोणाला आत्ता असं होत असेल आणि सेंटरला जाणं शक्य नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, रात्री-अपरात्री पण चालू, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून आहे, पण आमच्या शेडच्या लाइनीत एकालाही माहीत नव्हती.

तिथे मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक वारी येतात. त्यांनी गोळी लिहायच्या आधी रक्त तपासलं, थायरॉइड आणि बी-१२. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही थकवा, उदासपणा येतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. माझं कमी निघालं, इंजेक्शनं चालू झाली. शिवाय ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी, जी शुगरमुळे होणाऱ्या पायाच्या जळजळीलाही चालते आणि डिप्रेशनलाही, एकात दोन. ही माझ्यासाठी ठरवलेली आहे, केमिस्टकडून परस्पर घेऊ नका. सुरुवातीला मळमळ झाली, फरक पडायला काही आठवडे लागले, आणि "एकदा चालू केली की सवय लागते" हे जे सगळे सांगतात तसलं व्यसन लागत नाही, फक्त मनाने एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

नसलेला पाय दुखतो ही गोष्ट पण सांगतो, कारण मला वाटायचं आपलं डोकं फिरलंय. रात्री उजव्या पायाच्या अंगठ्यात पेटके, आणि अंगठा तर नाहीच. घरी सांगायची चोरी. इथे फिजिओ ताईंनी हसत सांगितलं की बहुतेक सगळ्यांना होतं, मेंदूतला त्या पायाचा नकाशा तसाच राहतो. मग दोन्ही पायांच्या मधे आरसा उभा करून डावा पाय हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे उजवा हलतोय असं मेंदूला वाटतं. ही आयडिया मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात काढली. मला पहिल्यांदा आरशात दोन पाय दिसले तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, माझे पेटके कमी झाले, जळजळ तेवढी नाही झाली.

काउन्सेलिंग म्हणजे "पॉझिटिव्ह राहा" असले उपदेश असतील असं वाटत असेल तर तसं काही नाही. उलट मी एकदा व्हॉट्सॲपवर आलेले ते दुःखाचे पाच टप्पे (नकारापासून सुरू होऊन स्वीकारापर्यंत) दाखवले आणि विचारलं मी कितव्यावर आहे, तर म्हणाल्या ते १९६९ साली मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेले आहेत, पाय गेलेला माणूस त्या क्रमाने चालत नाही, आणि कोणी तुम्हाला "आता स्वीकारा" म्हणून घाई केली तर माझं नाव सांगा. त्यांचं काम एकदम कोरडं आणि हिशेबी. कागदावर रोज तीन गोष्टी लिहून द्यायच्या, एक शरीराची, एक कामाची, एक आवडीची, वेळेसकट. मूड आला की करू हे चालणार नाही, वेळ झाली की करायचं, मूड मागून येतो. पहिल्या आठवड्यात काय तर, पाय घालून सोसायटीच्या गेटपर्यंत. वॉचमनशी दोन मिनिटं बोलून परत. मग कोपऱ्यावरची चहाची टपरी. मग शेडवर जाऊन नुसतं खुर्चीवर बसायचं आणि एका जॉबचं माप स्वतः लिहून द्यायचं. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) हातात घेतला त्या दिवशी पोरगं म्हणालं, मालक, हा अँगल बघा ना जरा, आणि तो खरंच दोन सूत बाहेर होता. त्या रात्री जेवणाला चव लागली होती, हे मी मॅडमना रिपोर्टसारखं सांगितलं, त्यांनी लिहून पण घेतलं.

काळाराम मंदिराला जायचं मी स्वतः यादीत टाकलं. टाचेची पट्टी मोज्यात घालून, मुलाचा हात धरून, दुपारी गर्दी नसताना. पँट वर सरकली की पाइप दिसतो आणि लोक बघतात. मॅडमनी आधीच विचारून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर काय सांगणार, दोन वाक्यं तयार करा. एका आजोबांनी विचारलंच. मी म्हटलं, शुगरने गेला, हा नवा बसवलाय. ते म्हणाले बरं, आणि प्रदक्षिणेला गेले. एवढंच. ज्याची मी महिनोन्‌महिने धास्ती घेतलेली ते दोन वाक्यांत उरकलं.

सेंटरची अजून एक गोष्ट, ते जुन्या पेशंटची गाठ घालून देतात. मला पंचवटीतले एक भाजीवाले भेटले, त्यांचा पाय माझ्या आधी कितीतरी वर्षं गेलेला. बाकी सगळे तब्येत कशी विचारतात, यांचा पहिलाच प्रश्न, "काय भो, रात्री बाथरूमला कसा जातो तू?" कोणाच्या लक्षात येत नाही, पण खरा पडण्याचा धोका तिथे असतो, झोपेत माणूस विसरतो आणि नसलेल्या पायावर उभा राहायला जातो. त्यांनी सांगितलं, वॉकर पलंगाला असा चिकटवून ठेव की उठताना आधी त्यालाच हात लागला पाहिजे. मिसेसने त्याच दिवशी ठेवला.

मिसेसलाही मॅडमनी वेगळं बोलावलं होतं. मला आवडलं नव्हतं, पेशंट मी आहे ना. पण ती तिथे खूप रडली म्हणे, घरी कधी रडली नव्हती. त्यांना तिने सांगितलं की मी सगळं हातात देते कारण ते पडतील अशी भीती वाटते. त्यांनी तिला म्हटलं, पाणी मागितलं तर द्या, न मागता देऊ नका. आता घरात "अहो, तुमचं तुम्ही घ्या" ऐकू येतं, आधी राग यायचा, आता बरं वाटतं.

दिव्यांग कार्डाचं मी बरेच महिने टाळत होतो. सिव्हिलला जाऊन टक्केवारी काढून घ्यायची म्हणजे शिक्का बसला असं वाटायचं. मॅडमनी जोर नाही केला, फक्त म्हणाल्या की फायदे-तोटे कागदावर लिहा. ४० टक्क्यांच्या वर असेल तर पिवळ्या पट्टीचं कार्ड येतं, ८० च्या वर निळं, आणि एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. तोट्यांच्या बाजूला मला एकच वाक्य सुचलं, लोक काय म्हणतील. कार्ड काढलं. जाता जाता, २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यात मानसिक आजारही आहे, हे मॅडमकडूनच कळलं.

आता कापलेला स्टार. काउन्सेलिंगचे एका वेळचे ७०० रुपये होतात, ते पॅकेजमध्ये आहेत की वेगळे हे आधी कोणी नीट सांगत नाही, महिन्याच्या बिलात दिसतात. रिसेप्शनला विचारलं की "सर, विचारून सांगते", आणि सांगत नाहीत. विमा कंपनीने तर हात वर केले, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं लिहिलंय, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच (भरती न होता घेतलेले उपचार) नाही, मग कायदा काय करणार. रक्ताचे रिपोर्ट, गोळ्या, सेशन सगळं खिशातून. ज्यांना परवडत नाही त्यांनी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जावं, मॅडम स्वतःच तसं सांगतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

आणि रॅम्प. पाय बसवून देणारं सेंटर आणि लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या! व्हीलचेअरवाल्याला दोघांनी उचलून न्यावं लागतं, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी तिथेच अपमान वाटतो आणि वर जाऊन त्याच्याच काउन्सेलिंगला ७०० द्यायचे. लाइट गेली की लिफ्ट बंद, बॅकअप नाही. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, रिक्षा गेटपर्यंत येईल याची खात्री नाही, तर निघायच्या आधी फोन करून लिफ्ट चालू आहे का आणि रिक्षा कुठपर्यंत येते ते विचारा. मानसोपचारतज्ज्ञांचे वारही फोनवरच विचारा, बदलतात. मॅडमची अपॉइंटमेंट सकाळची घ्या, दुपारनंतर रांग लांबते.

माझ्या दुसऱ्या सॉकेटचं माप झालंय, आलं की अपडेट टाकतो. रॅम्पचं मी मोजून आलोय, तीन पायऱ्यांची उंची दीड फूट, एकास बाराचा स्लोप धरला तर अठरा फूट लांबी लागते, पार्किंगमधली एक गाडी हलवली की बसतो. चेकर्ड प्लेट, दोन्ही बाजूंना रेलिंग, मटेरियलच्या खर्चात करून देतो असं रिसेप्शनवर नंबरासकट लिहून दिलंय. अजून फोन आलेला नाही.